स्लॅबवरचं सोलर 'केमिकल'वर उभं आहे? मग तो जोड बंद होण्याआधीच तपासा

सालवड (ता. पालघर) : बोईसर-तारापूर पट्ट्यात हल्ली स्लॅबच्या घरांवर सोलर दिसायला लागलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून तर चहाच्या टपरीवरही तीच चर्चा. किती किलोवॅटचं बसवलं, सबसिडी किती मिळाली, बिल किती कमी आलं, हे सगळे विचारतात. पण पॅनलचे लोखंडी पाय स्लॅबला कशाने धरले आहेत, हे फारसं कोणी विचारत नाही.

काही ठिकाणी काँक्रीटचे ठोकळे ओतून पाय त्यात बसवतात. काही ठिकाणी स्लॅबला ड्रिलने भोक पाडतात, त्यात ट्यूबमधला चिकट मसाला भरतात आणि बोल्ट फिरवत आत घालतात. कामगार त्याला 'केमिकल अँकर' किंवा नुसतं 'केमिकल' म्हणतात. गॅलरीची ग्रिल, दुकानावरची पत्र्याची शेड, पाण्याच्या टाकीचं स्टँड, सगळीकडे आता हेच चालतं.

आमच्या शेजारच्या काकांकडे सोलरचं काम निघालं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अरे, तू बातम्या लिहितोस ना? मग सांग बघू, गोंदावर एवढं सगळं टिकेल का?"

उत्तर असं की टिकतं, चांगलं टिकतं. पण चिकटवलेल्या जोडाची एक अडचण आहे. नट सैल झाला तर दिसतो, वेल्डिंगला चीर गेली तर बऱ्याचदा दिसते. चिकटवलेला जोड एकदा बंद झाला की आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. चांगला जोड आणि वाईट जोड दिसायला अगदी सारखे. म्हणून त्याची खरी तपासणी काम झाल्यावर नाही, काम चालू असताना होते.

रेल्वे रूळसुद्धा चिकटवते

गोंदावर विश्वास बसत नसेल तर रेल्वेचं उदाहरण घ्या. रूळांच्या काही तुकड्यांमधून सिग्नलसाठी हलकी वीज सोडलेली असते. गाडी आली की तिची चाकं आणि धुरा दोन्ही रूळ जोडतात, वीज तिथूनच फिरते आणि सिग्नलला कळतं की इथे गाडी आहे. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. एका तुकड्याची वीज दुसऱ्यात जाऊ नये म्हणून रूळ कापून मध्ये वीज न जाऊ देणारा पातळ तुकडा बसवावा लागतो. आता बऱ्याच ठिकाणी चाकं मोजणारे ॲक्सल काउंटर आले आहेत, तरी असे जोड अजून वापरात आहेत.

पण कापलेला रूळ पुन्हा धरायचा कसा? थंडीत रूळ आकसतो. ६० किलोचा रूळ, म्हणजे ज्याचं वजन मीटरला सुमारे ६० किलो, तो एका अंशाने थंड झाला आणि त्याला आकसू दिलं नाही, तर त्यात सुमारे १.९ टन ताण येतो. बसवताना होता त्यापेक्षा २५ अंशांनी थंड झाला तर ताण ४७ टनांच्या घरात जातो. म्हणजे जवळपास दोन भरलेले दहाचाकी ट्रक. हा ताण त्या जोडाने धरायचा, वरून गाड्या जाणार, आणि शिवाय वीजही आरपार जाऊ द्यायची नाही.

यासाठी रेल्वे 'ग्लूड जॉइंट' वापरते. रूळाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मध्ये इपॉक्सीत भिजवलेलं काचेच्या धाग्याचं कापड, आणि लांब प्रकारच्या जोडात सहा बोल्ट. बोल्टांभोवतीही वीज न जाणाऱ्या नळ्या. लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने या जोडासाठी वेगळी नियमपुस्तिकाच काढली आहे. हे जोड साधारणपणे कार्यशाळेत तयार होतात. गंज काढून लोखंड चकचकीत करायचं, तेलाचा अंशही ठेवायचा नाही, मग चिकटवायचं. नंतर वीज आरपार जाते का हे कोरडं असताना आणि पाणी मारून तपासतात. नमुन्याचे जोड यंत्रात ओढून ते किती टनाला सुटतात तेही बघतात. मग तो रूळाचा तुकडा लाईनमध्ये वेल्ड होतो.

(हे वाचून कोणी रूळावर उतरून बघायला जाऊ नका. ते धोक्याचं आहे आणि गुन्हाही आहे.)

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, गोंद टनांचा भार घेतो. दोन, रेल्वे नुसत्या गोंदावर सोडून देत नाही. तयारी, चाचणी आणि आधाराला बोल्ट, तिन्ही ठेवते.

चप्पल नेहमी पुढूनच का उघडते?

आता जोडाची रचना कशी असावी ते बघू. ते आपल्या पायातच आहे.

चपलेचा तळ निसटतो तो बहुतेक वेळा पुढच्या टोकाकडून. मधून कधी सुटत नाही. कारण टोकाला ठेच लागते तेव्हा तळ सोलला जातो. सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो. ती रेष सुटली की पुढची, मग त्याच्या पुढची. तीच चप्पल हातात धरून तळ सरळ मागे ओढून बघा, निघणार नाही. कारण तेव्हा चिकटलेलं सगळं क्षेत्र मिळून जोर घेतं.

म्हणून चिकटवलेल्या जोडाचा पहिला नियम असा: जोर घसरण्याच्या दिशेने येऊ द्या, सोलण्याच्या दिशेने नको. रेल्वेच्या जोडात तेच आहे. पट्टी रूळाला लांबीभर चिकटलेली, ताण लांबीच्या दिशेने.

घसरण्याच्या दिशेनेही जोर सगळीकडे सारखा वाटला जात नाही. चिकटलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना तो जास्त येतो, मधला भाग निवांत असतो. फोल्करसेन नावाच्या जर्मन संशोधकाने १९३८ सालीच याचं गणित मांडलं. म्हणून चिकटवायची लांबी दुप्पट केली म्हणजे ताकद दुप्पट होत नाही. रुंदी वाढवलेली जास्त उपयोगी पडते. आणि गोंदाचा थर जाड केला म्हणजे जोड मजबूत झाला, असंही नाही. दोन धातू जोडताना थर पातळ आणि सगळीकडे सारखा लागतो.

बोईसरला चपला शिवणारे काका काय करतात बघा. आधी कानसेने रबर घासतात, धूळ झटकतात, सोल्युशन लावतात, थोडं सुकू देतात, मग ठोकतात. आणि शेवटी टोकाला चार टाके मारतात. जिथून सोलायला सुरुवात होईल तिथेच टाके. मोठ्या इंजिनिअरिंगमध्येही हेच करतात, फक्त टाक्यांच्या जागी बोल्ट किंवा रिबिट येतात.

अळवाच्या पानाला काही चिकटत नाही

दुसरी गोष्ट म्हणजे पृष्ठभाग. अळवाच्या पानावर पाणी टाका, मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं. पान भिजतच नाही. तेलकट लोखंडाचं तसंच. गोंद आधी पसरला पाहिजे, पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत शिरला पाहिजे, मग तो धरतो. कारखान्यांत यासाठी एक सोपी परीक्षा करतात. साफ केलेल्या पत्र्यावर स्वच्छ पाणी ओततात. पाणी सलग पातळ थरासारखं राहिलं तर पत्रा स्वच्छ. थेंब थेंब झाले तर तेल राहिलं आहे, पुन्हा साफ करा. पास झाल्यावर नीट वाळवतात आणि मगच गोंद लावतात.

काँक्रीटच्या भोकात तेलापेक्षा मोठा शत्रू म्हणजे ड्रिलची धूळ. भोकाच्या भिंतीला पिठासारखी धूळ बसलेली असेल तर मसाला धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही. वरून सगळं घट्ट वाटतं. जोर आला की बोल्ट मसाल्यासकट बाहेर येतो, जसा पीठ लावलेल्या पोळपाटावरून गोळा सुटतो.

माझीच चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी मिरचीच्या लागवडीसाठी पाईपलाईन टाकत होतो. शेवटचा पीव्हीसीचा जोड करताना अंधार पडायला आला होता. पाईपाला चिखलाचं पाणी लागलेलं, ते तसंच शर्टाने पुसलं, सोल्युशन लावलं आणि अर्ध्या तासात मोटर चालू केली. पाणी व्यवस्थित आलं. जोड बाकीच्या जोडांसारखाच दिसत होता. चौथ्या दिवशी रात्री तो निसटला आणि सकाळपर्यंत रोपांचे दोन वाफे वाहून गेले. पीव्हीसीचं सोल्युशन हा खरं तर गोंद नाही. ते पाईपाचं प्लास्टिक विरघळवून दोन्ही एकजीव करतं. पण नियम तोच. ओलं असेल, घाण असेल, वेळ दिला नसेल, तर एकजीव होत नाही.

निसटलेला जोड मी नंतर पाहिला. एका बाजूला सगळं सोल्युशन सुकून बसलेलं, दुसरी बाजू कोरी. तुटलेला जोड ओळखायची हीच खूण आहे. गोंद फाटून दोन्ही बाजूंना राहिला असेल तर चिकटणं बरोबर होतं, भार जास्त आला. एक बाजू स्वच्छ असेल तर तो चिकटलाच नव्हता.

बोस्टनचं छत : चाचणीत पास, तरी पडलं

आता जरा लांब जाऊ, कारण आपल्या स्लॅबमध्ये जातात तसेच बोल्ट तिथे होते.

अमेरिकेत बोस्टन शहरात रस्त्याच्या बोगद्यात काँक्रीटचे जड पॅनल छताला टांगले होते. टांगणारे बोल्ट इपॉक्सीने वर चिकटवलेले. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टन काँक्रीट आणि लोखंड खालून जाणाऱ्या गाडीवर कोसळलं. गाडीतल्या एका महिलेचा जीव गेला.

धक्का देणारी गोष्ट अशी की बसवताना बोल्ट ओढून तपासले होते. ठरलेल्या भारापेक्षा जास्त जोर लावला होता आणि ते पास झाले होते. मग काय झालं? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २००७ मध्ये अहवाल दिला. तिथे लवकर सुकणारी इपॉक्सी वापरली होती. ती थोडा वेळ मोठा जोर घ्यायची, पण कायमच्या भाराखाली हळूहळू सरकायची.

कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी आठवा. पहिल्या दिवशी ताणून बांधली तर तारेसारखी. ओले कपडे रोज पडून महिन्याभरात मधून झोळ येतो. तुटलेली नसते, पण लांबलेली असते. गोंदाचंही तसंच होतं. पाच मिनिटांच्या चाचणीत हा दोष सापडत नाही. आणि तिथे १९९९ मध्येच काही बोल्ट खाली सरकलेले दिसले होते. ते बदलले, पुन्हा ओढून तपासले, पण सरकले का, हे मुळापासून शोधलं नाही.

उन्हाने हे आणखी वाढतं. घरगुती वापराच्या बऱ्याच इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे पत्र्याला हात लावून बघा, चटका बसतो. म्हणून मसाला निवडताना तो कायमच्या भाराला आणि तापमानाला चालतो का, हे बघावं लागतं. "लगेच सुकतं" हा काही मोठा गुण नव्हे.

जपानमध्ये हातोडी वाजवायची राहिली

दुसरी घटना जपानची. टोकियोच्या पश्चिमेला सासागो नावाचा बोगदा आहे, १९७७ चा. त्यातही छताचे काँक्रीट पॅनल टांगणारे बोल्ट वर रेझिनने बसवलेले. २ डिसेंबर २०१२ रोजी शंभराहून जास्त मीटर लांबीचं छत खाली आलं. ९ माणसं गेली. चौकशीत पुढे आलं की त्या उंचीवरचे बोल्ट कित्येक वर्षं हातोडीने ठोकून तपासलेच नव्हते, खालून नजरेनेच बघितले जात होते.

हातोडीने ठोकून काय कळतं? नारळ घेताना, मडकं घेताना आपण वाजवून बघतो तेच. घट्ट असेल तर आवाज टणक येतो, आत सुटलं असेल तर बद्द येतो. विमानाचे चिकटवलेले भागही अजून नाण्याने किंवा छोट्या हातोडीने वाजवून बघतात. त्याशिवाय अल्ट्रासाउंडची यंत्रं आहेत, उष्णता बघणारे कॅमेरे आहेत. आत पोकळी असेल, गोंद कमी पडला असेल, तर हे सापडतं.

पण एक दोष यंत्रांनाही चकवतो. गोंद दोन्हीकडे टेकलेला असतो, पोकळी नसते, पण धरलेलं काहीच नसतं. धुळीवर किंवा तेलावर चिकटवलं की असा जोड तयार होतो. आवाज चांगला येतो, यंत्रही बरोबर दाखवतं. म्हणून जगभर एकच मार्ग मानतात. जोड करताना तयारी नीट करा, त्याची नोंद ठेवा, आणि त्याच माणसांनी, त्याच मालाने केलेले नमुने तोडून बघा.

आपल्या स्लॅबवर किती जोर येतो?

१७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. पत्रे कसे उडाले, झाडं कशी पडली, ते आपण पाहिलं आहे. वारा ताशी १०० किलोमीटर असेल तर त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो भरतो. तीन किलोवॅटच्या सोलरचे पॅनल साधारण १५ चौरस मीटर. म्हणजे ७०० किलोच्या आसपास. पॅनल कसे कलते आहेत त्यावर हा आकडा कमी-जास्त होतो, पण वारा खालून शिरला तर जोर वर उचलणारा असतो, आणि पॅनल व लोखंडाचं स्वतःचं वजन त्याच्या निम्म्याहूनही कमी असतं. बाकी सगळं त्या बोल्टांनी धरायचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो.

त्यात आपली हवा खारट. समुद्र जवळ, वर कारखाने. बोल्ट गंजतो, जुन्या स्लॅबमधली सळई फुगते, काँक्रीट पोकळ होतं. अशा काँक्रीटमध्ये कितीही महागाचं केमिकल भरलं तरी उपयोग नाही, कारण मग बोल्टासकट काँक्रीटचा तुकडाच निघतो.

काम चालू असताना हे बघा

१. स्लॅब आधी हातोडीने वाजवून घ्या. पोकळ आवाज आला, सळई दिसत असली, तर तिथे भोक नको. नुसत्या प्लास्टरमध्ये किंवा वॉटरप्रूफिंगच्या थरात बसवलेला बोल्ट म्हणजे नसल्यासारखाच.

२. ट्यूबवरची तारीख बघा. मुदत संपलेली किंवा उन्हात पडून राहिलेली ट्यूब घेऊ नका. लेबलचा फोटो काढून ठेवा.

३. भोक किती जाड आणि किती खोल हवं ते ट्यूबच्या माहितीपत्रकात असतं. "एवढं पुरे" असं चालत नाही.

४. भोक साफ करणं सगळ्यात महत्त्वाचं. हवा मारायची, वायर ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा मारायची. माहितीपत्रकात जितक्या वेळा लिहिलं असेल तितक्या वेळा. नुसतं तोंडाने फुंकून होत नाही. याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्या.

५. ट्यूबमधून सुरुवातीला येणारा मसाला फेकून द्यायचा. दोन भाग मिसळून एकसारखा रंग आला की मगच भोकात, तळापासून भरत वर यायचं. बोल्ट हळूहळू फिरवत आत घालायचा. वर थोडा मसाला बाहेर आला पाहिजे.

६. दिलेला वेळ होईपर्यंत बोल्टाला हात लावायचा नाही. गारवा असेल तर वेळ जास्त लागतो. भोक ओलं असेल तर ते केमिकल ओल्या काँक्रीटला चालतं का, हे आधी वाचा.

७. काम संपल्यावर एक-दोन बोल्ट जॅकने ओढून दाखवायला सांगा. मोठं काम असेल, शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं असेल, तर ही चाचणी आणि तिचा कागद मागाच.

८. दर वर्षी पावसाळ्याआधी बेसप्लेट बघा. प्लेट आणि स्लॅबमध्ये फट पडली का, बोल्ट थोडा वर आला का, गंजाचा ओघळ आहे का. सुरुवातीला बोल्ट आणि स्लॅबवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवली तर सरकलेलं लगेच कळतं. आणि सरकलेला दिसला तर नुसता नट आवळून गप्प बसू नका. तो का सरकला ते विचारा. बोस्टनला नेमकं हेच राहून गेलं.

एक आणखी. डोक्यावर कायम टांगलेलं वजन नुसत्या केमिकलवर सोडू नका. भिंतीत आरपार बोल्ट, खालून आधार, काहीतरी दुसरं असू द्या. चपलेच्या टाक्यांसारखं.

काकांच्या स्लॅबवर पोरं काम करायला आली तेव्हा त्यांच्याकडे ड्रिल होती, ट्यूब होत्या, हवा मारायचा पंप होता. ब्रश नव्हता. पोरं आपलीच, कामाला चांगली, पण कोणी कधी मागितलाच नाही म्हणून आणत नव्हती. काकांनी बोईसरहून ब्रश मागवला. पहिलं भोक घासल्यावर चिमूटभर नाही, चांगली ओंजळभर धूळ निघाली. तो व्हिडिओ काकांच्या मोबाईलमध्ये आहे. नट दुसऱ्या दिवशी सकाळी आवळले.